नळ उघडा ठेवणारं गिऱ्हाईक

लास इगेरास, लिमारी खोरं, चिली
४ जुलै

यास्ना पोरी,

कुस्तोदियोच्या बसमधून पार्सल पाठवतो आहे. शेळीच्या दुधाचं चीज, सुके अंजीर आणि काकूने विणलेले पायमोजे आहेत. कुस्तोदियोला बजावलं, चीज इंजिनापासून लांब ठेव. तो म्हणाला, "तुझं चीज इतकी वर्षं वाहतोय, आता ते मला नावाने हाक मारतं." तरी त्याने ते शेवटी कुठे ठेवलं ते मला दिसलं नाही, तेव्हा आधी वास घे आणि मग खा.

फोन का करत नाही असं तू विचारतेस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं ऐकू आल्यासारखं मी करतो. शिवाय आमच्या घरात सिग्नल फक्त चुलीपाशी येतो आणि चुलीपाशी काकू असते. ही गोष्ट तिच्यासमोर बोलायची नाही. तिला सांगितलंय की तुझ्या प्रकृतीची चौकशी करतोय. तीही करतोच आहे. वेळेवर जेवतेस ना?

गोष्ट अशी. पिस्को दारूच्या द्राक्षांची आमची जी सोसायटी आहे, तिने थंडीच्या कडाक्याची आगाऊ सूचना देणारी सोय घेतली आहे. बागांमध्ये थंडी मोजणारे खांब उभे केलेत. खांब जे मोजतात ते तिकडे सांतियागोत भाड्याने घेतलेल्या मशिनांना कळतं. ती मशिनं हिशेब करतात आणि कोवळे कोंब गोठण्याआधी इथे सगळ्यांचे फोन वाजतात. मग उठायचं, पंखे लावायचे, सऱ्यांत तळ्याचं पाणी सोडायचं. गेल्या सप्टेंबरात त्यामुळे सगळ्यांच्या बागा वाचल्या. आता बिलं बघून लोक बोंबलताहेत. रुपेर्तो कोंत्रेरासची बाग वरच्या उतारावर, तिथे कडाका पडत नाही. तो म्हणतो, सोय बंद करा. ऑगस्टअखेर सभेत मतं घेणार आहेत. या सोयीची देखरेख माझ्याकडे आहे, कारण मी पूर्वी पाटकरी होतो. कालव्याची दारं सांभाळणाऱ्याला सगळंच सांभाळता येतं असं लोकांना वाटतं.

तुझ्या बापाची बाग एका पहाटेच्या कडाक्यात काळी पडली आणि माझा भाऊ उत्तरेच्या खाणीत निघून गेला, हे तुला मी सांगायला नको. ते पुन्हा इथल्या कुणावर येऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

तू मशिनं भाड्याने देणाऱ्या कंपनीत आहेस. मला सोप्या शब्दांत सांग, याचा दर कोण ठरवतं आणि कसा. मी तिसरीपर्यंतच शिकलो आहे हे लक्षात ठेवून लिही.

काकू रोज भांडते. तू नाताळात गेलीस तेव्हापासून मी फाटकाला कडी लावत नाही, त्यामुळे शेळ्या आत येऊन तिची जिरेनियम खातात. पण तू अचानक आलीस आणि फाटक बंद दिसलं तर?

तुझा काका,
नोलबेर्तो

---

सांतियागो
१३ जुलै

काका,

चीज सुखरूप पोचलं. ताटलीत काढायचा धीर झाला नाही, मोरीपाशी उभ्याउभ्याच खाल्लं. पायमोजे आत्ता पायात आहेत. जेवते वेळेवर. (जवळजवळ वेळेवर.)

माझं काम सांगते. तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण ते पाटकऱ्याचंच आहे. आमच्याकडे मोठमोठ्या खोल्यांत हजारो मशिनं आहेत. लोक ती तासावर भाड्याने घेतात. चालू असेल तितकं मीटर फिरतं. मशिनं तीच, पण हमी तीन तऱ्हेच्या. पहिली पक्की हमी: मागाल तेव्हा मिळणार, नाही मिळालं तर कंपनी भरपाई देणार. ती महाग. दुसरी साधी. तिसऱ्या तऱ्हेत उरलंसुरलं मिळतं, अगदी स्वस्त, पण पक्क्या हमीवाल्याने मागितलं की तुमच्या हातून काढून घेतात. कुठली हमी कुणाला, कुठल्या दराने आणि गर्दी झाली की आधी कुणाचं पाणी तोडायचं, हे आमचा विभाग ठरवतो. गर्दीला दर चढतो, सामसूम झाली की उतरतो.

एक गंमत सांगते. आम्हाला गिऱ्हाइकांची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. त्यातलं एक गिऱ्हाईक असं आहे की त्याने पुष्कळ मशिनं घेतली आहेत, तीही पक्क्या हमीवर, आणि ती कधी बंदच करत नाही. मशिनं रात्रंदिवस रिकामी बसून असतात. आत काही काम नाही. आम्ही त्याला नळ उघडा ठेवणारा म्हणतो. सकाळी कामावर आलं की कुणीतरी विचारतंच, "नळवाल्याने आज तरी बंद केला का?" आमचे बेर्नालेस साहेब म्हणतात, झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवू नका. पैज लागली आहे की हा सांतियागोतल्या एखाद्या श्रीमंत बापाचा मुलगा असणार.

रुपेर्तोकाकांना सांगा की सोय बंद करण्याआधी ती नीट वापरतोय का ते बघा. आणि फाटक लावा. काकूची जिरेनियम मला आवडतात.

यास्ना

---

लास इगेरास
२४ जुलै

यास्ना पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग मिर्नाबाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. मिर्ना कार्वाहाल म्हणजे सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसतात त्या. त्या नळवाल्यावर आम्ही दोघंही खूप हसलो. शहरात पैसा किती फुकट जातो ते बघ.

पण रात्री विचार आला, त्या माणसाचं काही कारण असेल. कदाचित तो घाबरत असेल. तुम्ही पोरं लगेच हसता.

आमच्याकडे तसली उधळपट्टी होत नाही. मी स्वतः लक्ष घालतो. उन्हाळ्यात मिर्नाबाई म्हणाल्या होत्या, "आता कुठे कडाका, मशिनं बंद करू का?" मी त्यांना हात लावू दिला नाही. त्यांना मी एलादियो तापियाची गोष्ट सांगितली. मी पाटकरी असताना एका कोरड्या वर्षी त्याची पाण्याची पाळी होती. त्याला बहिणीच्या लग्नाला जायचं होतं म्हणून त्याने दार बंद केलं. परत आला तो पाणी खालच्या वाडीला गेलेलं. पुढची पाळी येईपर्यंत त्याची सगळी पीचची झाडं वाळली. तेव्हापासून इथे कुणीही आपल्या पाळीत दार लावत नाही. पाणी लागो न लागो, रान चिखल होवो, दार उघडंच. एकदा सोडलं की ते दुसऱ्याचं झालं.

तर मी ओवाये गावातल्या एजंटाला सांगितलं, कमी नको, भरपूर मशिनं दे आणि सगळ्यांत पक्की दे. आणि मिर्नाबाईंच्या पडद्यावर पुठ्ठा चिकटवलाय: हात लावू नये. त्यामुळे आमच्या मशिनांवर आमचा हक्क कायम आहे, दुसरं कुणी ती घेऊ शकत नाही.

आता रुपेर्तोला काय उत्तर देऊ ते सांग. परवा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "नोलबेर्तो, थंडी येणार की नाही ते माझा गुडघा फुकट सांगतो. तो भाड्याने घेता का?" लोक हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

तुझा काका

---

सांतियागो
३० जुलै

काका,

आज घाईत आहे. मिर्नाबाईंना सांगा, सोसायटीच्या बिलावर अगदी वर, उजव्या कोपऱ्यात एक लांब आकडा असतो. तो जसाच्या तसा उतरवून मला पाठवा. तोवर कशालाही हात लावू नका आणि रुपेर्तोकाकांना काही बोलू नका.

यास्ना

---

लास इगेरास
६ ऑगस्ट

यास्ना पोरी,

तुझं पत्र एवढंसं का? अंजिराबद्दल एक शब्द नाही. गेल्या खेपेला नव्हता आणि याही खेपेला नाही. आजारी आहेस का? की मी काही लागेल असं लिहिलं? तुम्ही पोरं लगेच हसता असं मी लिहिलं ते तुला टोचलं असेल. मला तसं म्हणायचं नव्हतं. तुझ्या बापालाही मी असंच काहीतरी बोलून बसायचो आणि मग आठवडाभर झुरायचो.

शेवटी काकूला दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी कुणाच्या तरी प्रेमात पडली आहे. मी प्रेमात होते तेव्हा आईला दोन ओळी लिहायचे." कुणाच्या ते मी विचारलं नाही. आम्ही तेव्हा ओळखत नव्हतो एकमेकांना.

तसं असेल तर मुलगा काय करतो ते कळव. नसेल तर डॉक्टरकडे जा.

आकडा मिर्नाबाईंनी उतरवलाय, वेगळ्या चिठ्ठीवर आहे. सभा अलीकडे घेतली आहे, येत्या वीस तारखेला. रुपेर्तोने सह्या गोळा केल्या. खालच्या अंगाच्या लोकांनीसुद्धा दिल्या, ज्यांच्या बागा गेल्या वर्षी आम्हीच वाचवल्या त्यांनी. बिलापुढे कुणाला काही आठवत नाही. मतं आज घेतली तर सोय जाईल. आणि कोंब फुटायला लागलेत.

अंजीर पुन्हा पाठवतोय. मिळाले म्हणून तरी लिही.

तुझा काका

---

सांतियागो
१२ ऑगस्ट

लाडक्या काका,

मी आजारी नाही. प्रेमात नाही, आणि रागावलेली तर मुळीच नाही. पुढचं बसून वाचा, आणि काकूला शेजारी बसवा.

नळवाला तुम्ही आहात.

तुमचं पुठ्ठ्याचं वाचलं तेव्हाच शंका आली होती, पण आकडा पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं. आकडा तोच निघाला. आम्ही इतके दिवस ज्याला हसत होतो तो तुम्हीच, आणि हसणाऱ्यांत मी पुढे होते. तो घाबरत असेल असं तुम्ही लिहिलंत. इथे इतके शिकलेले लोक बसलेत, पण हे कुणाच्या मनात आलं नाही.

मी बेर्नालेस साहेबांकडे गेले. म्हटलं, या गिऱ्हाइकाला सांगायला हवं. त्यांनी विचारलं, "तो तक्रार करतो का?" म्हटलं, नाही. "मग आपण कशाला?" म्हटलं, तो माझा काका आहे.  ते म्हणाले की नातेवाइकाच्या खात्याला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि तो मोडला तर मला घरी जावं लागेल. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "काकाला तू पत्रात काय लिहितेस ते मी कशाला वाचू?"

म्हणून हे पत्र. इथून मी काही बदलू शकत नाही, तुम्हालाच करावं लागेल.

काका, इथे पाळी बुडत नाही. पाण्याचं आणि याचं एवढंच वेगळं आहे. तुम्ही दार लावलंत की मशिनं दुसऱ्या कुणाकडे जातात, खरं आहे. पण तुम्ही पुन्हा मागितलंत की त्याच क्षणी दुसरी तशीच मिळतात. पक्की हमी म्हणजे हेच. तुम्ही पैसे त्या हमीचे भरता, आणि वर मशिनं चालू ठेवून तेच पैसे पुन्हा भरता.

तेव्हा असं करा. एकच लहान मशीन कायम जागं ठेवा, खांबांचं ऐकायला. बाकीची झोपवा. थंडी उतरायला लागली की हे लहान मशीन इतरांना उठवेल. ती काही मिनिटांत उठतात, आणि कडाका यायला त्याहून बराच वेळ लागतो. पक्की हमी फक्त कोंबांच्या महिन्यांपुरती घ्या. मागच्या हंगामाचे तक्ते वगैरे जे काम उशिरा झालं तरी चालेल, ते उरल्यासुरल्यावर टाका. मिर्नाबाईंसाठी सगळं टप्प्याटप्प्याने लिहून सोबत जोडलंय. बिल इतकं उतरेल की रुपेर्तोकाकांना दुसरा विषय शोधावा लागेल.

सभेत तुम्हाला हे सांगावं लागेल, आणि ते तुम्हाला किती जड जाईल ते मला माहीत आहे. मी असते तर तुमच्या शेजारी उभी राहिले असते.

अंजीर दोन्ही वेळा मिळाले. आज ऑफिसात कुणीतरी विचारलं, "नळवाल्याची काय खबर?" म्हटलं, त्याने अंजीर पाठवलेत, आणि टेबलावर ठेवले. सगळे खात होते. हसलं कुणी नाही.

तुमची यास्ना

---

लास इगेरास
२२ ऑगस्ट

यास्ना पोरी,

पत्र आल्यावर मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. पोट बिघडलं असं सांगितलं. काकू म्हणाली, "प्रकृतीची चौकशी कुणी तीन-तीन पानं करतं का? मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. ऊठ, सदरा घाल."

सभा शाळेच्या पटांगणात झाली. रुपेर्तो आधी बोलला. चांगलं बोलतो तो, मला कधी तसं जमलं नाही. मग मी उठलो आणि तू लिहिलंस ते सांगितलं, सुरुवातीपासून. सगळी मशिनं रिकामी चालत होती, आणि ती मीच चालू ठेवली, कारण दार लावलं तर पाळी जाईल असं मला वाटलं. सांतियागोत त्यावरून माझं नाव काय पडलंय तेही सांगितलं. सांगणार नव्हतो, तोंडातून गेलं.

 मला वाटलं, संपलं. एवढ्यात एलादियो तापिया, तोच पीचच्या झाडांचा, आता चांगला म्हातारा झालाय, मागून म्हणाला, "मग काय त्याने दार लावायचं होतं?" आणि लोक हसायला लागले. मला नाही, आपल्या सगळ्यांनाच. बायका डोळे पुसत होत्या. त्या पटांगणात एकही माणूस असा नव्हता ज्याने दार लावलं असतं. रुपेर्तोचं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं. म्हणाला, "मी असतो तर शेजाऱ्याचंही उघडं ठेवलं असतं."

मतं झाली. तुझ्या पद्धतीने एक हंगाम बघायचं ठरलं, कडाका पडला आणि एकदा जरी फोन वाजला नाही तर बंद. रुपेर्तोने अट घातली की त्याचाही फोन यादीत घालायचा. त्याच्या बागेत कडाका नाही, पण म्हणतो, "चुकेल तेव्हा मला आधी कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी मिर्नाबाईंनी पुठ्ठा काढला आणि मला म्हणाल्या, आता तुमच्या हाताने बंद करा. पडद्यावर हिरवे दिवे होते. मी दाबलं आणि एकेक विझत गेला. एकच राहिला, कोपऱ्यात.  मी म्हटलं, एक उघडून दाखवा. त्यांनी उघडून दाखवला. बंद केला. म्हटलं, पुन्हा एकदा. पुन्हा दाखवला. त्यानंतर त्यांनी मला घरी पाठवलं.

आता झोप नाही. तो एकटा दिवा झोपला तर बाकीच्यांना कोण उठवणार? हे तू लिहिलं नाहीस.

तुझा काका

---

सांतियागो
१ सप्टेंबर

काका,

तो झोपला तर त्याला उठवायला आमच्याकडे दुसरा बसलेला असतो, आणि त्या दुसऱ्यावर आम्ही माणसं. रात्रपाळीची मुलगी माझ्या ओळखीची आहे, लोरेतो नावाची. तुमचे अंजीर तिनेही खाल्लेत. आता झोपा.

तुम्ही न विचारता एक बातमी सांगते. बेर्नालेस साहेबांनी परवा बोलावलं. वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "असे नळवाले आणखी किती आहेत ते काढ." मी काढले. छोट्या सोसायट्या, बेकऱ्या, एक फुटबॉल क्लब. आता हंगामभर मी त्यांना फोन करून कुठला नळ बंद करायचा ते सांगणार आहे. साहेबांचा हिशेब असा की गिऱ्हाईक बिलाला भिऊन पळून जाण्यापेक्षा थोडं देऊन टिकलेलं बरं. माझा हिशेब वेगळा आहे, पण तो मी त्यांना सांगितला नाही.

थंडी येणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. लावलेलं दार उघडेल, एवढी देते.

अठरा तारखेच्या स्वातंत्र्याच्या सणाला येते आहे, कुस्तोदियोच्या बसने. आता तरी फाटकाला कडी लावा. बंद असलं तरी हाक मारली की उघडतं, हे तुम्हाला आता माहीत आहे. काकूला म्हणावं, निखाऱ्यावरचा पाव कर.

यास्ना

---

लास इगेरास
१२ सप्टेंबर

यास्ना पोरी,

काल पहाटे कडाका आला.

इतक्या रात्री मी जागून काढल्या आणि नेमक्या त्याच रात्री काकूने मला कसलासा पाला उकळून पाजला. मेल्यासारखा झोपलो. फोन चुलीपाशी खिळ्याला टांगलेला. तो वाजला म्हणे, बराच वेळ वाजला. आम्हा दोघांना ऐकू आला नाही. जाग आली ती खिडकी बडवल्याने. बाहेर रुपेर्तो, अंगावर बायकोची शाल, तोंडातून वाफा.

म्हणाला, "नोलबेर्तो, ऊठ. तुझा नळ उघडला."

उजाडेपर्यंत आम्ही सगळे बागांत होतो. पंखे फिरत होते, सऱ्यांत पाणी होतं. रुपेर्तो, ज्याची स्वतःची वेल वर निवांत होती, तो गुडघाभर पाण्यात उभा राहून माझी दारं धरत होता आणि सारखा कुरकुरत होता की याचं बिल मी कुणाला लावू. ऊन आल्यावर मी एकेक कोंब हाताने बघत गेलो. कडेच्या दोन-तीन ओळी करपल्या. बाकी सगळं हिरवं आहे. मग तुझ्या बापाची बाग होती त्या तुकड्यात गेलो. आता तिथे एलादियोच्या जावयाने वेली लावल्यात. त्याही हिरव्या आहेत. थोडा वेळ तिथे बसलो.

ऑफिसात गेलो तेव्हा सगळे दिवे पुन्हा विझले होते, कोपऱ्यातला एक सोडून. मिर्नाबाई म्हणाल्या, "आपले आपणच उठले आणि आपले आपणच झोपले." मी पडद्यावरून रुमाल फिरवला.

तुझं सगळं ऐकलं आणि सगळं खरं निघालं. एका बाबतीत ऐकणार नाही. रुपेर्तो म्हणाला की फाटकाला कडी असती तर तो बाहेरच हाका मारत बसला असता, आणि आम्हा दोघांना काय ऐकू येतं ते तुला माहीतच आहे.

तेव्हा ये अठराला. फाटक उघडंच आहे. त्याचं बिल येत नाही, फक्त शेळ्या येतात.

तुझा काका,
नोलबेर्तो